दारावरचं स्वस्तिक: पितळी, स्टिकर की साचा?

दारावर लावायची तयार स्वस्तिकं साधारण चार प्रकारांत मिळतात: पितळी, पारदर्शक स्टिकर, रंग भरायचा प्लॅस्टिकचा साचा आणि ॲक्रिलिक. आमचा कौल पितळीला, पण त्याला दोन भोकं असतील तरच.

मधोमध एकच स्क्रू असलेलं स्वस्तिक दार आपटून आपटून फिरत जातं. पाव फेरी पूर्ण झाली तर कळतही नाही, कारण चारही हात सारखेच. घोळ होतो तो अर्ध्या वाटेवर. ४५ अंशांवर अडकलं की ते नेमकं नाझी ध्वजावरच्या चिन्हासारखं तिरकं दिसायला लागतं. समोरासमोरच्या दोन हातांवर एकेक भोक असलं की हा प्रश्नच येत नाही.

पितळ खरं आहे का, हे लोहचुंबकाने अर्धंच कळतं. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, एवढं नक्की. नाही चिकटला म्हणून पितळ असेलच असं नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही. मागच्या कडेला कानस हलकीच घासा. आतूनही पिवळं निघालं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर नुसता मुलामा. चकाकीसाठी वर लॅकर मारलेलं असेल तर चिंच-मीठ लावू नका. लॅकर जागोजागी सुटतं आणि नेमके तेवढेच ठिपके काळे पडतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं तरी पुरतं. मागे फोमची दुहेरी टेप देतात, ती भुरभुरत्या चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही; वजनदार नगाला स्क्रूच हवा.

पारदर्शक स्टिकरची गंमत काचेच्या दारावर कळते. बाहेरून उजवं दिसणारं स्वस्तिक आतून डावं दिसतं. ओळखायची खूण सोपी: वरचं टोक उजवीकडे वळलं तर उजवं, डावीकडे वळलं तर डावं. यावर उपाय म्हणून आतून दुसरा स्टिकर त्याच जागी लावला तर दोन्हींचे हात एकमेकांतून दिसतात आणि शेवटी हाती लागते खिडकीसारखी बंद चौकट. मागून अपारदर्शक पांढरा थर असलेला स्टिकर घ्यावा. काच आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि स्टिकर मधून कडेकडे दाबत न्या, नाहीतर फुगे राहतात.

साचा स्वस्त पडतो, पण त्याची सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती हे पटकन कळत नाही. पालथा ठेवला की स्वस्तिक डावं उमटतं, शिवाय खालच्या बाजूचा ओला रंगही दाराला फासला जातो. एका कोपऱ्यात ‘वर’ असं लिहून ठेवा. कुंकू पातळ कालवलं की कडेखाली ओघळतं. घट्ट कालवून बोळ्याने टिपा, ओढू नका. ॲक्रिलिकबद्दल फार बोलण्यासारखं नाही: हलकं असतं आणि लवकर चरे पडतात.

या पाकिटांमधली सगळ्यात कच्ची गोष्ट म्हणजे सोबतचं अर्थ सांगणारं पत्रक. ‘नाझींनी आपलं स्वस्तिक उलटं केलं’ हे वाक्य बऱ्याचदा सापडतं आणि ते चूक आहे. नाझींचं चिन्हही उजवंच होतं. फरक होता तो तिरपेपणाचा आणि रंगांचा: लाल पार्श्वभूमी, पांढरं वर्तुळ, काळं चिन्ह. १९२० मध्ये ते पक्षाच्या ध्वजावर आलं आणि १९३५ मध्ये जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झालं. म्हणून या तीन रंगांची जुळणी असलेला नग घेऊच नये, हात कुठेही वळलेले असोत.

‘डावं म्हणजे अशुभ’ हेही सरसकट खरं नाही. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण डावंच स्वस्तिक आहे, तिबेटच्या बोन धर्मातही डावंच पवित्र. हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवर दोन्ही दिसतात. चीनमध्ये त्याचा उच्चार ‘वान’, म्हणजे दहा हजार. सम्राज्ञी वू झेत्यान हिने ६९३ मध्ये तो ठरवून दिला. अमेरिकेतल्या नवाहो विणकरांकडेही ही आकृती होती. १९४० मध्ये त्यांनी इतर तीन जमातींसह जाहीर केलं, की यापुढे आपल्या वस्तूंवर ती काढणार नाही.

जैन घरासाठी घ्यायचं असेल तर वरचे तीन ठिपके आणि चंद्रकोर आहेत का ते पाहा. चार हात म्हणजे चार गती (जीव ज्यांत जन्म घेतो त्या चार अवस्था), तीन ठिपके म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य, कोर म्हणजे सिद्धशिला, मुक्त आत्म्यांचं स्थान. हा नग कसाही फिरवून चालत नाही, कोर वरच हवी. तिथे दोन भोकांची अट आणखी कडक धरा.

जर्मनीतल्या कुणाला भेट द्यायची असेल तर चार कोनांत चार ठिपके असलेलं, सरळ उभं, पिवळं-लाल निवडा आणि दाराच्या आतल्या बाजूला लावायला सांगा. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली नाझी चिन्ह जाहीरपणे दाखवणं हा गुन्हा आहे, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस ठिपके मोजत बसत नाही.