धान्याच्या कोठीचा लोखंडी घोडा: पुराच्या पाण्यात उभा राहिलेला

घोडा, म्हणजे धान्याची कोठी उंचावर ठेवायचा लोखंडी स्टँड, घेतला २०२२ च्या मे महिन्यात. लिहितेय आत्ता, कारण पुराच्या पाण्यात उभा राहिल्याशिवाय त्याला चांगलं म्हणायची माझी तयारी नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरात तो राहिला.

आमचं गाव मांजरेच्या काठी, धनेगावच्या धरणाच्या खाली. २०१६ ला याच धरणात पाणी उरलं नव्हतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमची सगळी तयारी दुष्काळाची: टाक्या, बोअर, कडब्याची गंजी. पूर कुणाच्या ध्यानीमनीच नव्हता. मग २८ सप्टेंबर २०२१ ला धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडले. आमच्या पत्र्याच्या खोलीत अडीच फूट पाणी. कोठी विटांवर ठेवलेली, खालच्या तोंडातून पाणी आत शिरलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास आला. हात घातला तर ज्वारी फुगून दाटलेली आणि आतून गरम. साडेतीन क्विंटल उकिरड्यावर ओतली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांच्या माहेरी माळवदाच्या भिंतीत बळद होतं, वर्षाचं धान्य त्यात राहायचं. पण पाणी घरात शिरल्यावर मातीची भिंतच राहत नाही, बळद कुठून राहणार?

दुकान लातूरला, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. वेल्डिंगचं साधं दुकान, पाटी नाही. मी तयार स्टँड उचलून आणायला गेले होते. मिस्त्रींनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "काकू, पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर गाळाची रेघ असंल. मोजून आणा, मग बोलू." दुसऱ्या खेपेला मी सुतळीला गाठ मारून माप नेलं. त्यांनी गाठीच्या वर एक फूट धरला आणि साडेतीन फुटांचा घोडा ठरवला. मग विचारलं, भादव्यात कोठीत धान्य किती उरतं? म्हटलं, निम्म्याच्या आत. "मग ती तरंगंल," ते म्हणाले. हे मला कधी सुचलंच नसतं. हलकी झालेली कोठी पाण्यात उचलली जाते आणि आडवी होते. म्हणून कोठीभोवती लोखंडी पट्टा आणि घोडा भिंतीला आवळायला दोन क्लॅम्प. खोलीतली जमीन मातीची, खाली काळं रान. पाय खचू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली वीतभर रुंद पत्ती. पाच क्विंटलच्या कोठीचा घोडा ६० किलो भरला, मजुरीसकट ११० रुपये किलोनं ६,६०० रुपये झाले.

आता खटकलं ते. आठ दिवसांचा वायदा होता, हातात यायला महिना गेला. रंगाच्या खाली प्रायमरचा एकच हात, त्यामुळं दुसऱ्याच पावसाळ्यात जोडांवर गंज आला. आम्ही घासून पुन्हा रंगवला. क्लॅम्पचे नट-बोल्ट साधे, आता पान्यानं हलत नाहीत. गॅल्व्हनाइज्ड मागा, पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि कोठी भरणं अवघड झालंय. एक माणूस शिडीवर, एक खालून पोतं देणारा, एकट्या बाईला जमत नाही. काढायला मात्र सोपं. तोंड कमरेच्या वर आल्यानं सासूबाई न वाकता सूप धरतात.

२०२५ ला पाणी जुन्या रेघेच्या वर गेलं. आम्ही दोन रात्री शाळेत काढल्या. परत आलो तेव्हा खोलीत घोट्याएवढा गाळ, आणि भिंतीवरची नवी रेघ कोठीच्या बुडाखाली चार बोटांवर. मी आधी तोंडाचं झाकण सरकवलं. ज्वारी सुपात पडली, सुकी, खळखळ आवाज करत. सासूबाईंनी चार दाणे दातांखाली चावून बघितले आणि सूप माझ्या हातात दिलं.

नदीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीसाठीही मी मिस्त्रींकडं उंच खांब मागितला होता. त्यांनी विचारलं, काठावरच्या बाभळीला कचरा कुठवर अडकलाय? डोक्याच्या बराच वर, म्हटलं. तर म्हणाले, "खांबाला पैसे घालू नका. पेटी वरच्या बांधावर न्या, केबल वाढवा. आणि ते वायरमनकडून करा, माझं काम नाही." हातातलं गिऱ्हाईक त्यांनी सोडलं. पेटी बांधावर नेली, तीही या पुरात वाचली. मोटार मात्र गाळात गेली. पुराचा निरोप आला तेव्हा अंधार होता आणि मी कुणाला नदीवर जाऊ दिलं नाही.

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी ते साइटवर असतात. निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. कोठीचा घेर आणि खोलीची उंची मोजून न्या. माझ्या जाऊबाईंनी परवा घोडा सांगितलाय. त्यांच्या घरातली नवी रेघ साडेतीन फुटांवर आहे, मिस्त्रींनी साडेचार धरलेत.