जुन्या ८ जीबीला नवी ८ जीबी रॅम जोडली: आठ महिन्यांनंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरचा डेस्कटॉप. आधी डीडीआर४ प्रकारच्या रॅमची २६६६ वेगाची ८ जीबी स्टिक होती, सोबत ३२०० वेगाची ८ जीबी घातली. टॅली, क्रोम आणि मोठ्या एक्सेल फायली आता एकदम उघडतात, मशीन अडत नाही. पैसे वसूल. पण पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले.

लक्षणं फसवी होती. विंडोज नीट चालू व्हायची, टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी दिसायचे. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा जुळत नसल्याची सूचना) यायचा, तीच फाइल पुन्हा उघडली की ठीक. मग 'मेमरी मॅनेजमेंट' लिहिलेला निळा स्क्रीन. अशा वेळी विंडोज नव्याने टाकू नका. रॅममध्ये गडबड असेल तर नवी विंडोजही कॉपी होतानाच बिघडते. टॅलीतल्या एन्ट्री ताबडतोब थांबवा आणि चांगल्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. रॅममध्ये उलटलेला एक बिट सेव्ह केल्यावर डिस्कवर कायमचा बसतो.

सुरुवात साफसफाईने करा. वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. यार्डात हळदीची पूड स्लॉटमध्येही शिरते, ती मऊ ब्रशने काढा. सोनेरी पिना खोडरबराने हलक्या पुसा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा. खटका बसल्याचा आवाज यायलाच हवा.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, रात्रभर, किमान चार पास (पूर्ण फेऱ्या). एकही चूक खपवून घेऊ नका. इथे दोन्ही स्टिक एकत्र असताना चुकांच्या लाल ओळी आल्या. त्याच स्लॉटमध्ये एकेक लावून पाहिली तर शून्य. म्हणजे स्टिक चांगल्या, वेग चुकीचा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू होतं, त्यामुळे जुनी २६६६ चीही ३२०० वर ओढली जात होती. एक्सएमपी बंद केल्यावर दोन्ही २६६६ वर आल्या आणि चारही पास स्वच्छ निघाले. टॅलीला हा वेगातला फरक जाणवतही नाही.

रॅम सुधारली तरी आधीचं नुकसान आपोआप भरत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड, आधी डिझमचं रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ, चालवल्या. टॅलीचा डेटा रॅम घालण्याआधीच्या बॅकअपवरून घेऊन पंधरा दिवसांच्या एन्ट्री हिशेबपट्ट्यांवरून पुन्हा भरल्या. कंटाळवाणं काम, पण शेतकऱ्याच्या पट्टीतला आकडा अंदाजावर सोडता येत नाही.

तेव्हापासून निळा स्क्रीन नाही. तरी नव्याने घेणाऱ्याने शक्य असेल तर एकाच पॅकमधली २×८ ची जोडी घ्यावी, आणि बायोसची बॅटरी बदलली किंवा बायोस अपडेट केलं की एक्सएमपीची सेटिंग पुन्हा तपासावी.