सोफा नवा की जुना, सायकलचे पार्ट जुने चालतात का: नाशिकमध्ये दोन्ही खर्च एकदम निघालेत त्यांच्यासाठी

हॉलला सोफा बघायचाय आणि पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली सायकलपण चालू करायचीय, अशी दोन्ही कामं एकाच महिन्यात निघाली की बहुतेक घरांत एकच हिशोब होतो. सोफा शोरूममधून नवाकोरा, जमलं तर ईएमआयवर, आणि सायकलला काय, मिळेल तो जुना पार्ट टाकून ढकलू. मला हा हिशोब पटत नाही. सोफ्यात जुनं घेण्यासारखं बरंच असतं पण लोक नाक मुरडतात, आणि सायकलमध्ये जे जुनं घेऊच नये तेच भंगारात हौसेने शोधत फिरतात. दोन्हीकडे बघायचं एवढंच की झिजतं काय आणि टिकतं काय. सोफ्यात फोम बसतो, कापड विरतं, पण सांगाडा सागवानी असेल तर एक पिढी सहज काढतो. सायकलमध्ये रबर जातं, चेन जाते, फ्रेम, हँडल, क्रँक (पायडल लागतं तो दांडा) राहतात. टिकणारं जुनं घ्या, झिजणारं नवं घ्या.

आधी सोफ्याचं बघू, पैसे तिथेच जास्त जातात.

नाशिकमध्ये सोफा घ्यायचे पर्याय साधारण चार. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या शोरूम, ऑनलाइन मागवायचा, सिडको-पंचवटी-नाशिकरोड कुठेही गल्लीत एखादा सोफा बनवणारा कारागीर असतोच त्याच्याकडून बनवून घ्यायचा, नाहीतर कोणाचातरी जुना घेऊन नव्याने भरून घ्यायचा. शोरूमचा फायदा एकच आणि तो मोठा आहे, बसून बघता येतं. ऑनलाइनमध्ये तेच जमत नाही, आणि सोफ्याचा फोटो बघून आराम कळत नाही हो, फोटोत सगळेच सोफे ढगासारखे दिसतात. कारागिराकडे माप तुमचं, फोम तुमच्या पसंतीचा, पण नजर ठेवावी लागते आणि तारीख पुढे पुढे जाते, दिवाळीच्या आधी तर जातेच जाते.

फोमचं नीट समजून घ्या कारण फसवाफसवी तिथेच होते. दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी आहे’ म्हणतो आणि आपण हाताने दाबून बघतो आणि कडक लागला की खूश होतो, पण डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हेच, ते वजन आहे, एक घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन. कमी डेन्सिटीचा फोमपण कडक बनवता येतो, सहा महिने छान वाटतो आणि मग बरोबर तुम्ही रोज बसता तिथे खड्डा. सीटला 40 चा घ्या, बजेट अगदीच नसेल तर 32, त्याखाली जाऊ नका, पाठीला हलका चालतो. कारागिराकडून बनवत असाल तर सरळ वजन करून घ्या, सहा फूट बाय तीन फूट, चार इंच जाडीचा तुकडा 40 चा असेल तर पावणेसात किलोच्या आसपास भरतो आणि 32 चा साडेपाचच्या आसपास. वजनकाटा काढला की समोरचा माणूसपण जरा सरळ बोलायला लागतो. रीबॉन्डेड म्हणजे तुकडे चिकटवून केलेला फोम वजनाला जड असतो, त्यामुळे त्यात हा काटा उपयोगाचा नाही, पण तो कापल्यावर रंगीबेरंगी ठिपके दिसतात, लगेच ओळखू येतो. तो खालच्या थराला ठीक आहे, पूर्ण सीट त्याची नको, बाकावर बसल्यासारखं होतं.

बसून बघताना चप्पल काढून, पाठ टेकवून, दहा-पंधरा मिनिटं बसा, लाजू नका, चाळीस हजार देताय. पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. सीटची उंची साधारण 16 ते 18 इंच आणि खोली 20 ते 22 इंच ही आपल्याकडच्या बहुतेकांना बरी पडते. घरात आजी-आजोबा असतील तर 18 च्या खाली जाऊच नका. हल्ली ते खोल खोल, जमिनीला टेकलेले सोफे निघालेत ना, दिसायला एक नंबर, पण गुडघेदुखीवाल्या माणसाला त्यातून उठवायला दोघं लागतात. आणि सांगाडा तपासायची एक सोपी युक्ती, समोरचा एक पाय वीतभर उचला, समोरचा दुसरा पायपण लगेच उचलला गेला पाहिजे, तो जमिनीलाच चिकटून राहिला तर फ्रेम पिळतेय, सोडून द्या. खालचं काळं कापड बघा, आत झिगझॅग स्प्रिंग आहे की नुसते इलॅस्टिकचे पट्टे आहेत ते विचारा. पट्टे वाईट नसतात पण लांब लांब अंतरावर मारलेले असतील तर झोळी होते.

कापडाचं पटकन सांगतो. रेक्झिन पुसायला सोपं पण जानेवारीत निफाडचा पारा पेपरात यायला लागतो तेव्हा आपल्याकडेही सकाळी रेक्झिनवर बसवत नाही आणि एप्रिलमध्ये तेच पाठीला चिकटतं. घरात लहान मूल असेल तरच घ्या. नाहीतर जाड विणीचं कापड, चेन लावलेलं, म्हणजे काढून धुता येईल असं.

आता जुना सोफा. देवळाली कॅम्पला, मोठ्या सोसायट्यांमध्ये, बदलीवाल्या लोकांचं फर्निचर निघत असतं आणि त्यात जुने सागवानी सोफे बऱ्यापैकी मिळतात. लोकांना ते जुन्या फॅशनचे वाटतात म्हणून स्वस्तात जातात. घ्यायचा तो लाकडासाठी घ्या, फोम आणि कापडाची किंमत शून्य धरा, म्हणजे भाव करताना डोकं जागेवर राहतं. खाली पिठासारखा भुसा सांडलेला दिसला किंवा पायाजवळ मातीच्या रेघा दिसल्या तर पुढे बोलूच नका, कीड नाहीतर वाळवी आहे. शिवणीत काळे ठिपके असतील तर ढेकूण. म्हणून सोफा आधी घरी आणायचाच नाही, छोटा हत्ती ठरवून थेट कारागिराकडे, जुना फोम-कापड तिथेच उतरवायचं, नवा 40 चा फोम भरायचा, मगच घरी. हे सगळं धरून खर्च बऱ्याच वेळा शोरूमच्या बऱ्या सोफ्याच्या निम्म्यात बसतो आणि लाकूड त्याच्यापेक्षा सरस मिळतं. पण पाइनवुड नाहीतर पार्टिकल बोर्डचा जुना सोफा मात्र फुकट दिला तरी नको, त्याचे स्क्रू एकदा ढिले झाले की पुन्हा पकडत नाहीत.

मध्येच एक, सोफा-कम-बेड. 2027 चा सिंहस्थ येतोय, पाहुणे येणार, म्हणून खूप लोकांच्या डोक्यात तोच घोळतोय. मी नाही घेणार. बसायला नीट नाही, झोपायला नीट नाही, मधला जोड पाठीला लागतो. साधा सोफा आणि पाहुण्यांना गाद्या, आपल्याकडे अशीच माणसं मावत आलीत.

आता सायकल. इथे एक गोष्ट नव्याच्या बाजूने गेलीय, सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि सायकलच्या पार्टवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. सोफ्यावर मात्र 18 च आहे. म्हणजे जुन्या-नव्यातलं अंतर सायकलमध्ये कमी झालं आणि सोफ्यात जसंच्या तसं आहे, त्यामुळे शंभर-दोनशे वाचवायला जुना पार्ट शोधत उन्हात फिरण्यात पूर्वीइतका अर्थ नाही.

जुनं कधीच घेऊ नये ते आधी: टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, केबल, चेन आणि हेल्मेट. जुन्या टायरला नक्षी शाबूत दिसते पण बाजूने बारीक चिरा पडलेल्या असतात, उन्हात उभ्या सायकलचा टायर न चालवताही जातो. चेन तपासायला फक्त पट्टी लागते. एका पिनच्या मध्यापासून पुढे चोवीस पिना मोजा, बरोबर 12 इंच भरलं पाहिजे. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदला, आठवा भाग भरला तर मागचे दातेपण गेले समजा, आणि झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली की ती पायडल मारताना सटकते, त्र्यंबक रोडच्या चढावर उभं राहून मारताना सटकली तर तोंडावर पडाल. सहा-सात गिअरची नवी चेन पाचशेच्या आसपास येते, त्यासाठी जुनी कशाला शोधायची.

जुनं बिनधास्त घ्यावं असं: हँडल, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा), क्रँक, पायडल, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, सीट फाटलेली नसेल तर सीट, आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग, फक्त त्याची छोटी चाकं आणि वाकलेपणा बघून. पायडल काढताना लक्षात ठेवा डावं उलट्या आट्याचं असतं, जोर लावून क्रँकचे आटे मारलेली सायकल पार्टच्या ढिगात हमखास असते. फ्रेम स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची ते लोहचुंबक लावून बघा, स्टीलची तडकली तर वेल्डिंग होतं, अ‍ॅल्युमिनियमची तडकली तर विषय संपला. जोडांजवळ, हँडलच्या खाली आणि पायडलच्या घराजवळ, रंगावर केसासारखी रेघ दिसतेय का बघा. सीटचा दांडा वर-खाली होतो का तेही तिथेच करून बघा, बरीच वर्षं पडलेल्या सायकलमध्ये तो असा जाम होतो की कोणाच्याने निघत नाही.

चाक जुनं घेताना मात्र सगळ्यात जास्त लोक गंडतात, कारण दुकानात ‘अठ्ठावीसचं चाक द्या’ म्हणून चालत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात तीन आकडी नंबर असतो तो बघा. आपल्या जुन्या काळ्या सायकलचं 28 बाय दीड इंच म्हणजे 635, आणि हल्लीच्या हायब्रिडचं 700सी म्हणजे 622, दोन्हीला लोक अठ्ठावीसच म्हणतात पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणार नाही. 26 मध्येपण तेच, एमटीबी म्हणजे माउंटन बाइकचं 559 आणि जुन्या 26 बाय एक तीन-अष्टमांशचं 590. 29 आणि 700सी मात्र दोन्ही 622, तिथे फक्त रुंदी बघायची. शिवाय मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, दात्यांचा संच कसा बसतो, फ्रीव्हील आट्यांनी बसतं की कॅसेट सरकवून बसते ते विचारा, स्वस्तातल्या सहा-सात गिअरच्या सायकलला बहुतेक फ्रीव्हीलच असतं, आणि एकावरचं दुसऱ्यावर चढत नाही. डिस्क ब्रेक असेल तर हबला डिस्क बसवायची जागा आहे का तेही. चाक धरून फिरवा, थोडा आउट असेल तर तारा ताणून निघतो, रिमला डेंट असेल तर नाही निघत.

माझा सल्ला, दोनपेक्षा जास्त पार्ट लागत असतील तर पार्ट शोधूच नका, त्याच मापाची अख्खी जुनी सायकल शोधा. लॉकडाऊनमध्ये 2020-21 ला गिअरच्या सायकली धडाधड घेतल्या गेल्या आणि आज इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या हवा गेलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. वॉचमनदादांना विचारा, कोणाची आहे, विकायचीय का, आणि मग मालकाशी बोला. एक क्रँक सुटा विकत घेण्यात जेवढे जातात त्यात थोडे टाकून अख्खी सायकल येते कधीकधी.

त्यातूनही चांगला पार्ट हवा असेल तर शहरातल्या सायकलिंग ग्रुपवर विचारा. 2015 ला आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केल्यावर इथे सायकलचं वेड चांगलंच वाढलं, आणि हौशी माणूस दरवर्षी काहीतरी अपग्रेड करतो, त्याचा काढलेला पार्ट जवळपास नवाच असतो आणि तो किती चालवलाय ते खरं सांगतो. भंगारवाल्याकडे वजनावर भाव असतो, पण लिंक रोडचा मोठा भंगार बाजार 2017 ला महापालिकेने उठवला, त्यामुळे एका जागी सगळं मिळेल अशी आशा धरू नका. गावातल्या जुन्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडे खोक्यात काय काय पडलेलं असतं, छर्रे, कोन, अ‍ॅक्सल, असलं बारीक सामान तिथेच मिळतं, आणि काका बसवूनपण देतात.

मग पैसे कुठे टाकायचे? घरात वयस्कर माणसं आहेत, रोज चार तास टीव्हीसमोर बसणं आहे, तर सोफ्याच्या फोमवर हात आखडू नका आणि सायकल जुनी-नवी मिसळून चालू करा. एकटे आहात, भाड्याने राहता, वर्षा-दोन वर्षांत घर बदलणार, तर सोफा सेकंडहँडच, फार तर दिवाण, लिफ्टमध्ये सात फुटी सोफा मावत नाही आणि जिन्यावरून चढवायचे हमाल वेगळे पैसे घेतात. रोज ऑफिसला अंबड-सातपूरला सायकलवर जायचं असेल तर ब्रेक आणि टायर नवे, बाकी कशावरही वाचवा.

ऑनलाइन जाहिरातीवरून घेताना-विकताना एक सांभाळा. ‘आर्मीत आहे, बदली झालीय, सामान घाईत काढायचंय’ हा देशभर चालणारा फसवणुकीचा जुना प्रकार आहे, आणि आपल्याकडे देवळालीच्या लष्करी छावणीमुळे तो खरा वाटतो कारण खरेच तसे विकणारेही असतात. वस्तू बघितल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स नाही, आणि तुम्ही विकत असाल तर पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करायचा नसतो की पिन टाकायचा नसतो. जाण्याआधी फोटो मागवा, पण समोरून काढलेले नकोत. सोफा उलटा करून खालच्या बाजूचा एक, आणि सायकलचा चेनकडच्या बाजूने, दाते दिसतील असा जवळून एक. खरा विकणारा पाठवतो, थोडी कुरकुर करेल एवढंच.