+8 ची क्लोजअप लेन्स आणि हार्वेस्टमन : पाच महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये घेतली, ऑक्टोबर संपेपर्यंत आंबोलीला सहा वेळा नेली. भिंगासारखी ही छोटी लेन्स (+8 ही तिची ताकद) 55-250 मिमी झूम लेन्सच्या तोंडावर दोन बाजूंच्या चिमट्यांनी बसते. घेतली ती फक्त हार्वेस्टमनसाठी. पावसाळ्यात ओल्या कातळावर, झाडाच्या बुंध्यावर घोळक्याने दिसणारे हे लांब पायांचे जीव. लोक त्यांना कोळी समजतात, मीही समजायचो. लेन्समधून पहिल्यांदा नीट पाहिलं आणि फरक कळला: कोळ्याला असते तशी कंबर नाही, सगळं अंग एकसंध, ज्वारीच्या दाण्यासारखं. पाठीवर छोटा उंचवटा आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक डोळा. बस्स, दोनच. यांना जाळं विणता येत नाही, विषही नसतं.

250 मिमीला सेन्सरवर चित्र खऱ्या आकाराच्या सुमारे दुप्पट येतं, म्हणजे माझ्या क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर जेमतेम 11 मिमी रुंदीचा तुकडा मावतो. डोळ्यांचा उंचवटा आणि गाग्रेला या हार्वेस्टमनच्या एका वंशातल्या प्राण्याच्या पाठीवरचा उभा काटा यांसाठी हे उत्तम. पण पाय सगळे चौकटीबाहेर! पायांची दुसरी जोडी सर्वांत लांब, तिनेच हा प्राणी पुढची वाट चाचपतो. पहिल्या दोन फेऱ्यांचे माझे फोटो देखणे, पण ओळखीला निरुपयोगी ठरले. आता आधी लेन्स न लावता अख्खा प्राणी टिपतो, मग लेन्स लावून वरून, बाजूने आणि समोरून. एवढं करूनही ओळख बहुतेक वेळा वंशापाशीच (genus) थांबवावी लागते. प्रजाती ठरवायला नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

लेन्स आणि प्राणी यांत साधारण 12 सेंमी अंतर राहतं. याहून जवळ गेलं की तो अंग वरखाली झुलवायला लागतो. तेव्हा हात स्थिर ठेवून थांबायचं. बोटाने अडवू नका, कृपा करून. पाय तुटून पडतो, तुटलेला पाय कितीतरी वेळ वळवळत राहतो आणि पुन्हा उगवत नाही.

फ्लॅश हवाच. एफ/11 अॅपर्चर, 1/200 सेकंद शटर आणि फ्लॅशपुढे पॅकिंगचा पांढरा फोम, नाहीतर ओल्या पाठीवर पांढरे डाग उठतात.

तक्रार एकच, पण मोठी: ऑगस्टमध्ये वाकून फोटो घेताना चिमटा सुटला, लेन्स कातळावर पडली, काठाला ओरखडा आला. तेव्हापासून रबर बँड लावतो.

सप्टेंबरच्या एका फोटोत पायावर लाल ठिपके होते. चिखल वाटला, मोठं करून पाहिलं तर चिकटलेले लाल माइट (कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव)! नुसत्या डोळ्यांनी ते मला कधीच दिसले नसते.