पहिली डोंगरी शर्यत: साताऱ्याचा घाट, ११ ची पायवाट की थेट २५?

रस्त्यावरची हाफ (२१.१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन) दोन-सव्वादोन तासांत होते, मग डोंगरातले २५ किलोमीटर फार तर तीन-साडेतीन तासांत होतील, हा हिशोब पहिल्यांदा नाव नोंदवणारे बहुतेक जण करतात. पश्चिम महाराष्ट्रात अशा माणसापुढे साधारण तीन वाटा असतात. एक, सातारा हिल हाफ मॅरेथॉन: २१.१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट, सगळा डांबरी रस्ता. दुसरी, सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रासारख्या डोंगरी शर्यतीतलं सर्वांत छोटं अंतर, म्हणजे ११. आणि तिसरी, त्याच शर्यतीतलं २५. (५३ ची तिन्ही गडांची शर्यत पहिल्याच वर्षी डोक्यात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.)

माझा कौल ११ ला. पण तो सगळ्यांना लागू नाही, आणि साताऱ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे.

आकडा काय सांगतो, काय लपवतो

ट्रेल, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेवरच्या शर्यतींच्या जगात एक सोपं गणित वापरतात: दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. २५ किलोमीटरच्या मार्गावर १,२०० मीटर चढ असेल, तर तो ३७ चा झाला. ११ मध्ये ६०० मीटर असेल, तर १७ चा. म्हणजे ज्याला आपण ‘नुसती अकरा’ म्हणतो, ती मेहनतीच्या मापाने हाफच्या बरीच जवळ जाते. नाव नोंदवण्याआधी मार्गाचा एकूण चढ किती ते बघा आणि ही बेरीज करा, किलोमीटर नंतर.

हे अंगावर कसं येतं ते बघायचं असेल, तर पायथ्याच्या अतकरवाडीतून सिंहगड चढा. अंतर अडीच-पावणेतीन किलोमीटर, चढ साडेपाचशे-सहाशे मीटरच्या आसपास. एवढं अंतर सपाट रस्त्यावर पंधरा-सतरा मिनिटांत संपतं. इथे दर रविवारी जाणाऱ्यांनाही पाऊण तास सहज लागतो, आणि त्यातला बहुतेक वेळ ते चालत असतात. ट्रेलवर चढाला चालणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. शर्यतीत सर्वांत पुढे असलेले लोकही चालतात, फक्त ते दमदार चालतात, गुडघ्यांवर हात टेकून.

साताऱ्यात मात्र चालण्याची वेळ यावीच असं नाही. रस्ता गाड्यांसाठी बांधलेला, त्यामुळे चढ लांब असला तरी अंगावर येत नाही. शहर सोडलं की घाट सुरू होतो, वर कासच्या रस्त्याला लागतो, आणि तिथून वळून त्याच वाटेने परत. पावसाळ्याच्या शेवटी असल्याने वर धुकं, भुरभुर पाऊस; रस्त्याकडेला टाळ्या वाजवणारी माणसं, पाण्याची सोय, आजूबाजूला हजारो धावणारे. घड्याळातल्या पेसलाही (दर किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला) इथे अजून अर्थ असतो. ज्यांना एक लय पकडून चढायला शिकायचंय, त्यांच्यासाठी याहून चांगली शाळा जवळपास नाही.

पण ही ट्रेल नव्हे. तिथे पाय कुठे ठेवायचा हा प्रश्नच येत नाही, आणि ट्रेलवर जवळजवळ तोच एक प्रश्न असतो.

खरा फरक उतारात

नवखा माणूस चढाची भीती घेऊन येतो. चढ दमवतो, पण थांबलं की दम परत येतो. उतार मात्र मांड्या खाऊन टाकतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतात, आणि या प्रकारच्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. दुखणं तिथेच नाही, एक-दोन दिवसांनी कळतं. जिना उतरताना कठड्याचा आधार लागतो. दिलासा एवढाच, की शरीर हे लवकर शिकतं: एकदा नीट उतार धावून घेतला की पुढचे काही आठवडे तसाच उतार बराच कमी दुखवतो. म्हणून शर्यतीआधी दोन-तीन आठवडे एक मोठा उतार पायाखालून गेलाच पाहिजे.

साताऱ्याचा उतार लांब आणि कडक आहे, मांड्या तोही धरतो. पण तिथे डोकं रिकामं ठेवून उतरता येतं. डिसेंबरात सह्याद्रीच्या धारेवरून उतरणं हे वेगळंच प्रकरण. गवत वाळून आडवं झालेलं, त्याखाली सुटा मुरूम, आणि कातळावर पसरलेली बारीक खडी, जिच्यावर बूट छर्‍यांवर ठेवल्यासारखा घरंगळतो. नवखा इथे हमखास मागे रेलतो, टाच आधी टेकवतो आणि बुडावर बसतो. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, वजन पायांच्या वर, हात बाजूला पसरलेले आणि नजर बुटांवर नाही, तीन-चार मीटर पुढे: एवढं जमलं तरी निम्मं काम झालं. बुटांची लेस घोट्यापाशी घट्ट हवी, नाहीतर प्रत्येक पावलाला बोटं पुढे आपटतात आणि आठवडाभरात अंगठ्याचं नख काळं पडतं.

११ आणि २५ मधला फरक इथे दिसतो. ११ मध्ये हा उतार येतो तेव्हा पाय ताजे असतात, ऊन चढलेलं नसतं. २५ मध्ये शेवटचा उतार अशा वेळी येतो, जेव्हा मांड्या थरथरताहेत, पहाटेची बोचरी थंडी कधीच संपलीय आणि धारेवर सावलीला एक झाड नाही. माणसं पडतात, घोटे मुरगळतात, ते बहुधा अशाच वेळी. पहिल्या शर्यतीत उतरायचं कसं हे शिकायचंय, आणि दमलेल्या पायांना नवं काही शिकवता येत नाही.

सामान आणि सोय

साताऱ्याला रोजचे रोड शूज चालतात, पाणी वाटेत मिळतं, खिशात ताकदीसाठी एखादं एनर्जी जेल पुरे. ११ ला ट्रेल शूज असलेले बरे. तळाला चार-पाच मिलिमीटरच्या खाचा असल्या की भागतं. पाण्याची एक बाटली, थोडी चिक्की. २५ ला मात्र पाठीवर दीड लिटर पाणी, इलेक्ट्रल, शिट्टी, चार्ज केलेला फोन, आणि आयोजक सांगतील ते सगळं न्यायचंच. सक्तीचं सामान म्हणजे उगाच कटकट वाटत असेल, तर मे २०२१ मधली चीनच्या गान्सू प्रांतातली १०० किलोमीटरची शर्यत आठवावी. हवा अचानक बिघडली, पाऊस-गारा-वारा आला आणि तुटपुंज्या कपड्यांत धावणारे २१ जण थंडीने गेले. आपल्याकडे धोका उलट बाजूचा, उन्हाचा आणि संपलेल्या पाण्याचा. पण मदत पोचायला वेळ लागतो, हे तिथेही खरं आणि इथेही.

२५ कुणी घ्यावी

ट्रेकरनी. कात्रज ते सिंहगड रात्रीत करणारा, राजगड-तोरणा पाठीवर सॅक घेऊन चालणारा माणूस हाफला अडीच तास घेत असेल, तरी त्याने खुशाल २५ घ्यावी. त्याचे घोटे, त्याची नजर आणि पाच-सहा तास उभं राहायची सवय आधीच तयार आहे. पावणेदोन तासांत हाफ मारणारा, पण पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पलीकडे पायवाट न पाहिलेला माणूस उतारावर अशा ट्रेकरच्या मागे पडलेला दिसतो, आणि त्याला ते फार लागतंही.

बाकीच्यांसाठी कॅलेंडर सोयीचं आहे: पावसाळ्याअखेर सातारा, मधल्या महिन्यांत टेकड्यांवर दर आठवड्याला एक उताराचा सराव, डिसेंबरात ११. २५ चा मोह आवरत नसेल, तर अतकरवाडीतून गड एका रविवारी सकाळी दोनदा चढून-उतरून बघा आणि मंगळवारी ऑफिसचा जिना कसा उतरता त्यावर ठरवा. घोटा आधी मुरगळलेला असेल आणि अनवाणी त्या एका पायावर अर्धा मिनिट न डगमगता उभं राहता येत नसेल, तर यंदा नुसतं सातारा.