शुगर कॅम्पवाल्यांनो, आधी हात तरी धुवायला सांगा

अडीच स्टार. त्यातले दोन सुई टोचणाऱ्या ताईंना, हात खरंच हलका, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचत होत्या आणि दर पोरामागे नवीन लॅन्सेट, वापरून झाली की लगेच डब्यात. हे मी शेजारी उभं राहून बघितलंय.

आता बाकीचं. मे मधला रविवार, सोसायटीच्या हॉलमधे एका लॅबवाल्यांनी १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी फ्री शुगर टेस्ट ठेवली. आमचे चिरंजीव घरात हापूसची कोय चोखून, हात चड्डीला पुसून थेट रांगेत. रीडिंग २४३! तेही सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, आणि मला घाम फुटलेला असतानाच हातात पॅकेजचं पत्रक. सासूबाईंना बारा वर्षं शुगर आहे, त्यांनी एकच विचारलं, "हात धुतलेस का रे मेल्या?" घरी साबणाने धुवून, नीट कोरडे करून त्यांच्या मशीनवर बघितलं तर ११८. बोटाला फळाचा रस असला की तो थेंबात उतरतो, मशीनला काय कळणार साखर रक्तातली की आंब्याची. तरी जीवाला घोर नको म्हणून दुसऱ्या दिवशी लॅबमधे उपाशीपोटी शिरेतलं रक्त दिलं, ८९ आलं, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.३. सुटलो बाई.

पण मला जास्त खटकलं ते उलटं. शेजारची नववीतली मुलगी, रँडम (उपाशी न राहता, कधीही घेतलेली) १०९, "नॉर्मल आहे, नेक्स्ट". आता तिचं वजन जास्त, आईला शुगर, आणि मानेवर वर्षभर काळपट जाडसर पट्टा, आई बिचारी बेसन लिंबू लावून घासतेय. तो मळ नसतो, शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असू शकते असं आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मीच मागे लागून तिला पाठवलं. अशा पोरांना खाल्ल्यावरच्या एका थेंबावर सोडून नाही चालत, उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी बघावंच लागतं (उपाशी १०० ते १२५ बॉर्डर, १२६ पासून पुढे डायबेटिस, आणि काही त्रास नसेल तर तेही परत तपासून). तिचं एचबीए१सी ५.९ निघालं, म्हणजे बॉर्डरवर. कॅम्पच्या कागदावर हिरवा टिक. टेबलावर मानेकडे कोणी बघितलंच नाही, घरात कोणाला आहे का हेही विचारलं नाही!

मशीनला मी नावं ठेवत नाहीये, १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं असंच त्याचं स्टँडर्ड असतं, सासूबाईंसारख्यांना रोज बघायला मस्त. फक्त स्ट्रिपची डबी तासभर उघडी ठेवू नका हो, दमट हवेत खराब होतात त्या.

राहिला अर्धा स्टार, तो टेस्ट झाल्यावर प्रत्येक पोराला दिलेल्या बिस्किटाच्या पुड्यासाठी. क्रीमवाला होता.