टेक्सासात गोधड्या शिवताना: कापडाची दुकानं, सवलती आणि मी सोडलेलं एक दुकान

मी ऑस्टिनजवळ राहते आणि गोधड्या शिवते. खाली आणि मध्ये घरातल्या जुन्या सुती साड्या, वर इथे मिळणारं क्विल्टिंगचं कापड आणि हाताने घातलेला धावदोरा. 'जोआन' ही कापडाच्या दुकानांची साखळी बंद पडल्यापासून चांगलं सुती कापड कुठून आणायचं, हा इथल्या शिवणाऱ्या बायकांपुढचा मोठा प्रश्न आहे. गेले कित्येक महिने मी निरनिराळ्या दुकानांतून कापड आणलं, शिवलं, धुतलं, रोज अंगावर घेतलं. मंडळातल्या मैत्रिणी वरचेवर विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

आधी 'जोआन'बद्दल, कारण ते दुकान गेल्याचं मला खरंच वाईट वाटलं. १९४३ साली ओहायोत सुरू झालेली ही साखळी. २०११ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने ती १.६ अब्ज डॉलरला घेतली. पुढे कर्जाचा बोजा झेपेना. मार्च २०२४ आणि जानेवारी २०२५, अशी वर्षभरात दोनदा दिवाळखोरी जाहीर झाली आणि मे २०२५ संपेपर्यंत सुमारे ८०० दुकानांना कुलूप लागलं. सुमारे १९ हजार माणसं तिथे काम करत होती. शेवटच्या विक्रीत मी फक्त दोरे घेतले. बॅटिंग (गोधडीच्या मधला मऊ थर) म्हणजे काय, ते आधी धुवावं की नाही, हे मला तिथल्या कापड कापून देणाऱ्या बाईंनी शिकवलं होतं. त्यांची नोकरी जात असताना पिशव्या भरभरून कापड उचलायला माझा हात पुढे होईना.

आता सवलतींबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: पाटीवरचे टक्के बघूच नका, वाराचा भाव बघा. अमेरिकेतल्या क्राफ्टच्या दुकानांत 'आज ४० टक्के सूट' ही पाटी वर्षभर कुठल्या ना कुठल्या कप्प्यावर लागलेलीच असते. 'मायकल्स' या अशाच साखळीने फोटोफ्रेमच्या कामावर अशी न संपणारी सूट लावून ठेवली होती. त्यावरून न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी त्यांना धरलं आणि २०११ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. जी किंमत कधी कुणी भरतच नाही, तिच्यावरची सूट कसली? 'हॉबी लॉबी' या दुसऱ्या साखळीचं ४० टक्क्यांचं प्रसिद्ध कूपनही फेब्रुवारी २०२१ अखेर बंद झालं, तरी बायका अजून त्याच्या आठवणी काढतात.

हिशोब करून बघा. मांडीवर घ्यायच्या गोधडीच्या वरच्या थराला मला साधारण साडेतीन वार कापड लागतं. साखळी दुकानात सूट धरून ते सहा डॉलर वार पडतं, गावातल्या क्विल्टच्या दुकानात तेरा. म्हणजे एकवीस विरुद्ध साडेपंचेचाळीस. फरक साडेचोवीस डॉलरचा. कमी नाही, हे मान्य. पण खालचा थर साडीचा असल्यामुळे तो खर्च वाचतो आणि ही गोधडी पंधरावीस वर्षं टिकायची असते.

आणि ती टिकते का, हे धुतल्यावरच समजतं. एका साखळी दुकानातलं गर्द निळं कापड पहिल्या धुण्यात इतका रंग सोडत होतं की शेजारचा पांढरा तुकडा आभाळी झाला. पुढे पुढे त्याच्यावर धाग्यांचे बारीक गोळे आले आणि छपाई विरत गेली. क्विल्टच्या दुकानातलं कापड तितक्याच वेळा मशीनमध्ये फिरलं, पण त्याची वीण घट्ट राहिली. साडीच्या थराला तर काहीच झालं नाही. वर्षानुवर्षं धुतलेलं सूत आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. दोऱ्यात मात्र काटकसर नको. ऑरिफिल कंपनीचा दोरा महाग आहे, पण हाताने शिवताना गाठी पडत नाहीत.

आता मी सोडलेल्या दुकानाविषयी. 'हॉबी लॉबी'त माल भरपूर, भाव बरा, दुकान नीटनेटकं. तरी मी तिथे जात नाही. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यात चार प्रकारच्या गर्भनिरोधकांचा खर्च घालायला मालक कुटुंबाने धार्मिक कारणावरून नकार दिला, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० जून २०१४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात नोंदवलं होतं की आययूडीचा (गर्भाशयात बसवायच्या गर्भनिरोधक साधनाचा) खर्च किमान वेतनावरच्या पूर्णवेळ कामगाराच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढा असतो. हे वाचल्यावर मला वारामागे वाचणारे डॉलर फार लहान वाटायला लागले. मालकाची श्रद्धा त्याच्यापाशी. गल्ल्यावर उभ्या असलेल्या बाईच्या शरीराचा निर्णय तिचा.

मंडळातल्या एका ताईंना हे पटत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, रविवारी सगळ्यांना सुट्टी देतात, पगारही चांगला देतात, ते नाही का दिसत तुला?" दिसतं. २०२२ मध्ये तिथे पूर्णवेळ कामगाराचं किमान वेतन तासाला साडेअठरा डॉलर झालं आणि टेक्सासातलं कायदेशीर किमान वेतन अजून सव्वासात डॉलर आहे. ताईंचा मुद्दा खरा आहे आणि तो मी मनापासून मोजला. तरी पारडं माझ्यासाठी फिरलं नाही. याच कंपनीने इराकमधल्या हजारो प्राचीन वस्तू विकत घेतल्या, त्यांच्या खोक्यांवर 'सिरॅमिक्स' आणि 'नमुने' असं लिहून माल देशात आला, आणि २०१७ मध्ये त्या वस्तू परत करून वर ३० लाख डॉलर भरावे लागले. पैठणच्या एखाद्या मूर्तीबाबत हे घडलं असतं तर आपल्याला काय वाटलं असतं?

मी आता बहुतेक तुकडे 'ऑस्टिन क्रिएटिव्ह रीयूज'मधून आणते. लोकांनी दान केलेलं शिवणसामान ही संस्था स्वस्तात विकते. तिथे हवा तो रंग मिळेलच असं नाही, एकाच छापाचं चार वार तर जवळपास नाहीच. पण गोधडीला चार वार सलग लागतातच कुठे? ठरावीक रंग हवा असेल तेव्हा क्विल्टच्या दुकानात जाते आणि पूर्ण भाव देते. घाई असेल, लहान मूल सोबत असेल, तर 'मायकल्स' सोयीचं आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी 'जोआन'चं नाव आणि खासगी ब्रँड घेतल्यापासून तिथे कापड वाढलं आहे. जमलं तर शरद ऋतूत ह्यूस्टनच्या क्विल्ट महोत्सवाला जा. पाच-सहा डॉलरला फॅट क्वार्टर, म्हणजे १८ बाय २२ इंचांचा तुकडा, आणि विकणारी बहुधा स्वतः शिवणारी.

दान आलेल्या तुकड्यांवर सूत की पॉलिएस्टर हे लिहिलेलं नसतं. कडेचे दोन-चार धागे काढून घरी सिंकवर चिमट्यात धरून जाळा. कागद जळल्यासारखा वास येऊन राखेची पूड झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. तो तुकडा पिशवी शिवायला ठेवा.